ताडपत्रीचं आढं

१

झाडं निवडण्यातच निम्मे लोक माती खातात. समोर दिसतील ती पहिली दोन झाडं धरतात, त्यांना झोपायची झोळी टांगतात आणि मग ताडपत्रीतून ठिबकणारं पाणी छातीवर झेलत नशिबाला दोष देत बसतात. इथल्या मराठी मंडळाचा कॅम्प असला की माझ्या नावाने हाका सुरू होतात त्या याचसाठी. देवदत्तला बोलवा, तो आढं बांधून देईल. आढं हा माझाच शब्द. इंग्रजीत त्याला रिजलाइन म्हणतात, पण घराच्या छपराला मधोमध आढं असतं आणि दोन्ही बाजूंना उतार, तसाच हा दोर असतो. दोन झाडांमध्ये, झोळीच्या बऱ्याच वर, आडवा ताणायचा. त्यावर ताडपत्री टाकायची आणि तिचे कोपरे खुंट्यांना ओढून बांधायचे. खाली झोळीतला माणूस कोरडा. आढं ताठ नसेल तर मात्र सगळं फुकट, कारण मधे झोळ पडला की तिथे पाणी साचतं आणि साचलेलं पाणी खाली यायची वाट शोधतंच.

मला यातलं कळतं, आणि हे सांगायला मी लाजत नाही. आम्ही अमेरिकेत, कॅरी गावात राहतो, मी एका फर्ममध्ये पुलांची डिझाइन्स तपासतो. दोरात ताण किती आहे ते मी बोटाने सांगतो. नखाने टिचकी मारायची. नीट बसलेला दोर टण् वाजतो, सैल असलेला नुसताच थरथरतो.

ऑक्टोबरातल्या त्या शनिवारी मंडळ बरोबर नव्हतं. मी, माझी पाच वर्षांची मुलगी अनया आणि सुलभामावशी, एवढेच. मावशी म्हणजे माझ्या बायकोची, शिवांगीची मावशी. नागपूरच्या सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, रिटायर झाल्यावर पहिल्यांदाच अमेरिकेला आल्या होत्या आणि त्यांना डोंगरातले रंगलेले पानझडीचे दिवस दाखवायचे होते. शिवांगीच्या कंपनीत ऑडिट आलं म्हणून तिला यायला जमलं नाही. अनयाला मागच्या हिवाळ्यात न्यूमोनिया झाला होता, तेव्हापासून शिवांगी तिच्या बाबतीत फार हळवी झाली होती. भिजू देऊ नकोस, नजरेआड होऊ देऊ नकोस, हे तिने निघताना किती वेळा सांगितलं कोण जाणे. माझ्या ताडपत्रीखाली आजवर कुणी भिजलेलं नाही, असं मी म्हणालो. ती हसली नाही.

"देव, आपल्याला ती एकच आहे," ती म्हणाली.

मी शब्द दिला. शब्द देताना मला कसली शंका नव्हती.

२

डोंगरातल्या त्या स्टेट पार्कमध्ये आमच्या जागेच्या आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. पावसाचा अंदाज वाचून लोकांनी बुकिंग कॅन्सल केलं असणार. मला पावसाचं काही वाटत नाही. झाडांचं मात्र थोडं वाटलं, कारण जाड झाडं होती ती एकमेकांपासून फार लांब, आणि बरोबर अंतरावर असलेली दोन झाडं पॉप्लरची, जरा कोवळी, मांडीएवढ्या जाडीची. अशा झाडांचा एक गुण आहे तो समजून घ्यावा लागतो. झोळीत कुणी बसलं की वजनाने दोन्ही झाडं एकमेकांकडे किंचित झुकतात. झुकली की वरचं आढं सैल पडतं. माणूस उठला की झाडं सरळ होतात आणि आढं पुन्हा ताठ. यात घाबरण्यासारखं काही नाही, फक्त आढ्याला ताण झोळी रिकामी असताना द्यायचा असतो.

तसा मी दिला. टिचकी मारली, दोर टण् वाजला. मग माझी नेहमीची चाचणी केली. रिकाम्या झोळीला हाताने चांगला झोका द्यायचा आणि वर बघायचं. ताडपत्री हलली नाही तर काम पक्कं. मी झोका दिला. ताडपत्री ढिम्म.

मावशी घडीच्या खुर्चीवर बसून अनयाच्या बुटाची नाडी सोडवत होत्या. त्यांनी मान वर केली.

"रिकामी झोळी हलवू नये, देवदत्तराव."

मी म्हटलं, मावशी, तुम्ही एवढ्या ऑपरेशन थिएटरात उभ्या राहिलेल्या बाई, तुम्ही असलं बोलायचं? त्या म्हणाल्या, पाळणा रिकामा हलवत नाहीत, आमच्या वॉर्डातसुद्धा कुणी हलवत नसे. का हलवत नसत ते त्यांनाही सांगता येईना. मग मला चेव आला. जावयाने सासरच्या माणसांची थोडी चेष्टा करावी, तेवढा हक्क असतोच. मी झोळीला आणखी एक मोठा झोका दिला, मग आणखी एक, आणि वर एक अंगाईची ओळ गुणगुणून दाखवली. अनया खिदळली. मावशी हसल्या नाहीत, पण रागावल्याही नाहीत. त्या फक्त झोळीचं हलणं थांबेपर्यंत तिच्याकडे बघत राहिल्या.

मी गाडीतून स्टोव्ह आणि पाण्याचा कॅन आणायला गेलो. परत आलो तर आढं सैल पडलं होतं.

थोडंथोडकं नाही. मधोमध चांगला वीतभर झोळ होता. माझी पहिली प्रतिक्रिया अर्थातच रागाची होती, आणि राग स्वतःवरच. नायलॉनचा दोर दमट हवेत सैल पडतो, हे शेंबडं पोरही सांगेल. पण माझा दोर नायलॉनचा नाही, मी तो याच कारणासाठी मुद्दाम वेगळा आणलेला. गाठ सरकली असेल म्हणून पाहिलं, तर गाठ होती तिथेच होती. खोडाला घातलेला पट्टाही जागचा हलला नव्हता. म्हटलं, असेल काहीतरी. गाठ सोडली, दोर ओढला, पुन्हा आवळला. टिचकी मारली, टण्. माझ्या लेखी विषय संपला.

३

आम्ही तिखट पुऱ्या, लसणाची चटणी आणि दही खाल्लं. अनयाने जवळच्या ओढ्यात दोन खेकडे पाहिल्याचं सांगितलं, जे तिथे असणं शक्य होतं आणि नसणंही. मावशी पानांच्या रंगांवर खूश होत्या. त्या फोनवर फोटो काढत होत्या आणि प्रत्येक फोटोत त्यांचं बोट येत होतं.

या भागात अस्वलं आहेत, म्हणून उरलेलं खाणं वाटेवरच्या लोखंडी पेटीत ठेवून यावं लागतं. मी ते ठेवत असताना मागून आवाज आला. टण्. कुणी टिचकी मारावी तसा, पण माझ्या टिचकीपेक्षा वरच्या पट्टीतला, जरा कर्कश.

परत आलो तर आढं नको तितकं ताठ झालं होतं. दोर इतका खेचला गेला होता की गाठ रुतून दगड झाली होती आणि ताडपत्रीच्या कडीपाशी शिवण उसवायला आली होती. मी वर बघत उभा राहिलो. माझ्या डोक्यात हिशेब सुरू झाला, कारण तो न करणं मला जमत नाही.

झोळीत माणूस बसलेला असताना जर कुणी आढं ताणलं, तर ते त्या झुकलेल्या झाडांच्या मापाने ताणलं जातं. मग माणूस उठतो, झाडं सरळ होतात आणि दोर असाच जीव तोडून ताणला जातो. नवशिके ही चूक नेहमी करतात. एकजण झोळीत आरामात पडून सूचना देतो, दुसरा गाठ मारतो. मी कितीतरी जणांना याबद्दल झापलेलं आहे. या दोराचं नेमकं तसंच झालं होतं. पण मी गाठ आवळली तेव्हा झोळीत कुणी नव्हतं.

मी मावशींना विचारलं, तुम्ही झोळीत बसला होता का. त्या म्हणाल्या, या गुडघ्यांनी? अनया बसली होती का, तर तीही नाही, ती सगळा वेळ त्यांच्याजवळच होती. अनया झोळीत बसली असती तरी एवढा फरक पडला नसता. ती इंडियन स्टोअरमधल्या तांदळाच्या मोठ्या पिशवीएवढी. हा ताण मोठ्या माणसाचा होता.

मग मी एक गोष्ट आठवायचा प्रयत्न केला. रिकामी झोळी कडा मिटून शेंगेसारखी लोंबते. आत कुणी असलं की तिचं पोट खाली येतं. मी दुसऱ्यांदा गाठ आवळत होतो तेव्हा माझं लक्ष सगळं वर होतं. खाली झोळी मिटलेली होती की भरलेली, ते मला काही केल्या आठवेना.

आता मिटलेली होती. मी रुतलेली गाठ स्क्रूड्रायव्हरने उकलली आणि आढं तिसऱ्यांदा बांधलं. कोवळी झाडं, थंड हवा, लाकूड आक्रसत असेल, असं मी स्वतःला सांगितलं. लाकूड असं आक्रसत नाही, हे मला माहीत होतं.

४

दुपार कलली आणि पाऊस आला. जोराचा नाही, बारीक, चिवट. त्याच्याबरोबर दरीतून धुकं वर आलं आणि ओढा दिसेनासा झाला, नुसता ऐकू येत राहिला. मावशींना थंडी भरली. मी त्यांना गाडीत पुढच्या सीटवर बसवलं, सीट गरम करायचं बटण दाखवलं. त्या बिचाऱ्या त्या बटणावर इतक्या खूश झाल्या की लगेच त्यांचा डोळा लागला. गाडी तिथून हाकेच्या अंतरावर होती.

अनयाही पेंगली होती. मी तिला गाडीत झोपवायला हवं होतं. पण ती झोळीसाठीच आली होती, आठवडाभर झोळी झोळी करत होती. आणि खरं सांगायचं तर मला ती माझ्या ताडपत्रीखाली, वर पाऊस पडत असताना, कोरडी झोपलेली बघायची होती. शिवांगीला तसा फोटो पाठवायचा होता. मी तिला निळ्या पांघरुणात गुंडाळून झोळीत ठेवलं. आढं अगदी किंचित खाली आलं. तिच्या वजनाला शोभेल एवढंच. मी बोटाने अंदाज घेतला आणि बरं वाटलं. सगळं नियमाप्रमाणे चाललं होतं.

फोटो काढला. रेंज नव्हती, तो गेला नाही.

मी खुर्चीवर बसून ताडपत्रीवरचा पाऊस ऐकत होतो. त्या आवाजात एक समाधान असतं, विशेषतः ताडपत्री आपण बांधलेली असली तर. मग तो आवाज बदलला. मधोमध पडणारे थेंब वेगळे वाजायला लागले, साचलेल्या पाण्यात पडावे तसे. मी वर पाहिलं. आढं खाली येत होतं.

झटका नव्हता. कुणी खाटेच्या कडेवर बसतं, मग एक पाय वर घेतं, मग दुसरा, आणि मग हळूच अंग टेकतं, कारण शेजारी मूल झोपलेलं आहे, तसं ते टप्प्याटप्प्याने खाली आलं. दोन्ही पॉप्लरचे शेंडे धुक्यात एकमेकांकडे कलले. त्यांच्या पानांवरचं पाणी एकदम माझ्या डोक्यावर सांडलं.

मी उठून दोराला दोन्ही हात लावले. गाठी जागच्या जागी होत्या. आणि दोरातून माझ्या तळव्यांना काहीतरी जाणवत होतं. एका लयीत किंचित ओढ, किंचित ढील. वारा अजिबात नव्हता.

"बाबा, स्टॉप रॉकिंग," अनया झोपेतच पुटपुटली.

माझे दोन्ही हात डोक्याच्या वर, दोरावर होते.

५

मला भीती वाटली. तरी डोकं आपलं काम करतच होतं, आणि ते सांगत होतं की आधी खुंट्या तपास. जमीन भिजून खुंटी उपटली असेल तर ताडपत्री एका अंगाला खेचली जाते, झाडंही थोडी झुकतात. मी तेवढ्याशा आशेवर उतरत्या बाजूला गेलो आणि खाली वाकलो. खुंटी घट्ट होती.

वाकल्यामुळे झोळीची खालची बाजू माझ्या डोळ्यांसमोर आली. तिचं कापड पातळ आहे, पलीकडचा उजेड त्यातून दिसतो. माणूस आत असला की त्याची पाठ, कोपर, टाच खालून उमटून दिसतात. एका टोकाला अनया होती. ती गुडघे पोटाशी घेऊन झोपते, तो छोटासा गोळा मी कुठेही ओळखेन.

तिच्यापुढचं कापडही ताणलेलं होतं. पार दुसऱ्या टोकापर्यंत. आणि तिथे, अनयाचे पाय पोचणं शक्यच नाही इतक्या लांब, एक टाच उमटली होती. मोठी, अरुंद टाच. मी बघत असतानाच ती कापडावरून थोडी सरकली. झोपलेलं माणूस दुसऱ्याला जागा करून द्यायला सरकतं, तशी.

मी उभा राहिलो आणि वरून आत पाहिलं. अनया होती, निळं पांघरूण होतं, बाकी कापड रिकामं होतं. खोलगट, पण रिकामं.

आरडाओरडा करून उपयोग नाही, एवढं मला त्याही क्षणी कळत होतं. पूल वाकला तर त्यावर उड्या मारत नाहीत. मी दोन्ही हात अनयाखाली घातले, पांघरुणासकट तिला उचललं आणि छातीशी घेतलं. ती गरम होती, तिचा श्वास माझ्या मानेला लागला आणि मला रडू आलं. मग मी वर पाहिलं. अनया बाहेर आली होती, तरी आढं जेमतेम बोटभर वर गेलं. बाकीचा झोळ तसाच राहिला.

मला काय वाटलं सांगू? मला सुटल्यासारखं वाटलं. जे काही होतं ते तिथेच, झोळीत होतं, आणि आढं मला त्याची खबर देत होतं. आढं सैल आहे तोवर आपल्याला भीती नाही, असा सरळ हिशेब मी केला. दोर, ताडपत्री, खुर्च्या, झोळी, सगळं तिथेच सोडलं. मी आजवर कुठल्या जंगलात सुतळीचा तुकडाही टाकून आलेलो नाही. पाठ फिरवली आणि गाडीकडे चालायला लागलो. पळालो नाही, कारण वाट निसरडी होती आणि माझ्या हातात अनया होती.

निम्म्या वाटेवर असेन तेव्हा मागे दोर वाजला. टण्.

६

माझ्या खांद्यावरून अनया मागे बघत होती. कधी जागी झाली कळलंच नाही. मी विचारलं नाही तिला काय दिसतंय. मी फक्त पावलं लांब टाकली.

आमची व्हॅन समोर उभी होती, काचा धुक्याने पांढऱ्या झालेल्या. पुढच्या सीटवर मावशी पट्टा लावून झोपल्या होत्या, त्यांचं तोंड किंचित उघडं होतं. मी बटण दाबलं, सरकतं दार उघडलं, अनयाला तिच्या सीटवर बसवून पट्टे लावले. बोटं नीट चालत होती. हे मला जमतंय, असं मी स्वतःला म्हणत होतो. आणि ते जमतही होतं. आता दार लावायचं, पलीकडे जायचं, गाडी सुरू करायची. अंधार पडायच्या आत हायवेला लागलो की कॉफी घ्यायची आणि शिवांगीला फोन करायचा.

मी बटण दाबलं. दार सरकत आलं, मधेच थांबलं आणि मागे गेलं.

या दारांना तशी सोय असते. वाटेत काही आलं, मुलाचा हात, बॅग, तर दार चिरडत नाही, आपोआप मागे होतं. मी पांघरुणाचं टोक आत सारलं आणि पुन्हा दाबलं. दार त्याच जागी थांबलं, मागे गेलं. दाराच्या कडेला रबराची पट्टी असते, ती ओली झाली असेल म्हणून मी ती बाहीने पुसली. खालच्या खाचेत पान अडकलंय का ते बोट घालून पाहिलं. खाच साफ होती. मला पलीकडे धावत जाऊन गाडी सुरू करता आली असती, उघड्या दाराने का होईना. पण बिघाड दिसला की मला तो सोडून जाता येत नाही. जन्माची खोड आहे. मी तिथे पावसात उभा राहून पट्टी पुसत राहिलो, आणि तेवढा वेळ दार उघडं होतं.

तिसऱ्यांदा बटण दाबलं. दार आलं, थबकलं, मागे गेलं.

अनयाने कंटाळून उसासा टाकला. तिच्या सीटशेजारच्या मोकळ्या जागेकडे, खाली दाराच्या पायरीकडे तिने पाहिलं. आमच्या घरात आम्ही मराठीत बोलतो आणि ती इंग्रजीत उत्तर देते, लाडीगोडी लावली तरी मराठी बोलत नाही. ती मराठीत बोलली. कुणी लहान आहे, त्याला समजावून सांगायला हवं, अशा सुरात.

"पाय आत घे," ती म्हणाली. "बाबा दार लावतोय."

मी बटणाला हात लावला नव्हता. दार सरकत आलं, कुठेही न अडता शेवटपर्यंत गेलं आणि बंद झालं.